पिशवीच्या जाडीएवढं

सेमोन्कोन्ग म्हणजे धुराची जागा.
नाव धबधब्याच्या तुषारांवरून पडलं म्हणतात,
पण त्या जुलैत वर्गातल्या शेगडीनंही ते सार्थ केलं होतं.
शेणी ओल्या, डोळे लाल,
आणि फळा एवढा गार की खडू किंचाळायचा.

मामोलिसे बाईंनी खांद्यावरचं ब्लँकेट काढलं.
आमच्या लेसोथोत थंडीचं ब्लँकेट कुणी उगाच काढत नाही,
तेव्हा बाई काहीतरी करणार हे
शेवटच्या बाकावरही कळलं.
टेबलावर त्यांनी ते अंथरलं, त्यावर
पत्र्याचे दोन मग, टवके उडालेले,
आणि माझ्यासमोर हात पसरला, "पुलेंग, आण."

मी घरून आणलेला कप.
आईच्या लग्नातल्या सहांतला शेवटचा,
कडेला सोनेरी रेघ, अर्धी पुसलेली.
आईला विचारलं नव्हतं.
आई पहाटेच पाण्याला गेली
आणि विचारायचं राहून गेलं, असं
स्वतःला वाटभर सांगत आले होते.

"आधी मग," बाई म्हणाल्या, माझा चेहरा बघून.
"थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते.
तिला कुणीतरी हलवावं लागतं."
आणि ब्लँकेट ओढलं.

दोन्ही मग ब्लँकेटाबरोबर निघाले,
जणू त्यांनाही घरी जायचं होतं.
खणाणत सिमेंटवर, एक थेट शेगडीखाली.

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.
त्यांनी ब्लँकेटावरून तळवा फिरवला, लवेच्या उलट,
जसा मेंढी विकत घेताना फिरवतात.

तेव्हा दाराशी बसलेला त्सेलिसो बोलला.
तो वर्गात नव्हता खरं तर.
दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा, पाय शेकायला यायचा,
आणि हजेरी चालू असताना
आम्ही सगळे त्याच्याकडे बघायचं टाळायचो.
"लोकर धरून ठेवते," तो म्हणाला.
"गाढवावर घोंगडी टाकली की पोतं बसून राहतं.
प्लास्टिक टाकलं, आणि गाढव बिथरून पळालं,
की गाढव पुढं, पोतं ओढ्यात."
मग जरा थांबून, "आणि तुम्ही हळू ओढलंत."

बाईंनी एवढंच विचारलं, "कसलं प्लास्टिक?"

शाळेच्या स्वयंपाकघरातून
मक्याच्या पिठाची रिकामी पिशवी आली.
त्सेलिसोनं चाकूनं तिची शिवण उसवली,
टेबलावर ताणली, आणि कोपरानं
एकेक सुरकुती बाहेर हाकलली, मेंढ्या हाकल्यासारखी.
"आता मग नको," बाई म्हणाल्या, "कप."
वर त्यात बोटभर पाणी ओतलं.
मी डोळे मिटायचं ठरवलं होतं.
मिटले नाहीत.

फट्.

कप होता. तिथंच होता.
फक्त पिशवीच्या जाडीएवढा खाली आला होता.
पाण्यावर एक वर्तुळ उठलं, कडेला लागलं,
परत मध्ये येऊन विझलं.

बाई मात्र तिथं नव्हत्या.
पिशवी सुटली तशा त्या मागच्या मागे गेल्या,
फळ्यावर आदळून खाली बसल्या,
पिशवी छातीशी, केसांत पीठ.
सगळा वर्ग श्वास धरून.
"हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग,"
बसल्या जागेवरून त्या म्हणाल्या.
"निघालेली वस्तू जातच राहते.
तिला फळा लागतो."

त्सेलिसो सगळ्यात शेवटी हसला
आणि सगळ्यात जास्त वेळ.
बाहेर मेंढ्या कुणाच्या तरी वाफ्यात शिरल्या होत्या.

संध्याकाळी आईनं फळीवरचा कप उचलला,
उलटा केला.
बुडाला पिठाची गोल रेघ.
"कुणी हलवला हा?"

"कुणीच नाही," मी म्हटलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
इतकं खरं बोलूनही
माझे कान तापले.